यंत्रांचा जंगी सामना : रोबोवॉरच्या नियमांची एक समीक्षा

गौरी-गणपतीच्या आगेमागे महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात भिंतींवर आणि एसटीच्या थांब्यांवर 'शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना' अशी जाहिरात लागते. दोन शाहिरांची नावे, मधोमध 'विरुद्ध', खाली गावाचे नाव आणि रात्रीची वेळ. थंडीच्या दिवसांत याच भागातील मुले ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतात, तिथल्या महोत्सवांचे फलक लागतात. त्यांवरही दोन नावे आणि मधोमध 'विरुद्ध' असते, पण ही नावे यंत्रांची असतात. या प्रकाराला रोबोवॉर म्हणतात. पहिल्या सामन्यावर आपल्याकडे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी लिहिले आहे. दुसरा मात्र 'तंत्रज्ञान' या खात्यात टाकून साहित्य-कलेच्या समीक्षेने सोडून दिला. प्रेक्षक, रिंगण, संकेत, पंच आणि टाळ्या असलेला हा एक प्रयोगच आहे आणि प्रयोग म्हणून त्याची समीक्षा व्हायला हवी, असे मला वाटते. त्यातही समीक्षा करायची ती यंत्रांच्या आधी त्याच्या संहितेची, म्हणजे नियमावलीची.

याचे कारण एका प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्पर्धेला ओळखीच्या मुलांबरोबर गेलो होतो. महाविद्यालय कोणते, ते इथे महत्त्वाचे नाही. पोलादपूरकडच्या एका मुलाने आणि त्याच्या मित्रांनी मुठ्या केला होता. पहिल्या पावसात आपल्याकडे शेताच्या बांधांवर जे खेकडे निघतात, ते मुठे. आठ पायांवर तिरका चालणारा, पुढे दोन नांग्या उगारलेला हा पत्र्याचा मुठ्या रिंगणात उतरला आणि सगळे सभागृह उठून उभे राहिले. समोर होते ते नेहमीचे यंत्र : चपटी पेटी, दोन चाके आणि पुढे गरगर फिरणारा पोलादी ड्रम. वीस-पंचवीस सेकंदांत मुठ्याचे तीन पाय तुटून कडेच्या पारदर्शक भिंतीवर आदळले. निकाल बरोबरच होता, पंचांनी नियमाप्रमाणेच गुण दिले. पण बाहेर पडताना जो तो मुठ्याबद्दलच बोलत होता. विजेत्या यंत्राचे नाव आमच्यातल्या कोणाच्याही लक्षात राहिले नव्हते. पुढच्या वर्षी त्या मुलांनीही चपटी पेटी आणि ड्रम आणला. नियमावलीने त्यांना जे शिकवले, ते ती मुले शिकली.

कढई, पाचर आणि पाते

यंत्रांच्या या लढाईचा जन्म एका विनोदी अपयशातून झाला. चित्रपटांसाठी नमुने आणि खेळणी करणारे अमेरिकन कलावंत मार्क थॉर्प १९९२ च्या सुमारास दुरून चालवता येणारा व्हॅक्यूम क्लीनर करू पाहत होते. घरकामाला त्याचा उपयोग होईना, तेव्हा त्याला हत्यारे लावली तर काय होईल हा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन केंद्रात पहिले 'रोबोट वॉर्स' झाले. पुढे १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने त्याची दूरचित्रवाणी मालिका केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा 'टेकफेस्ट' १९९८ चाच. त्यातल्या आणि इतर महाविद्यालयांतल्या रोबोवॉरमुळे हा खेळ महाराष्ट्रभर पोचला. आठ, पंधरा, साठ किलो असे वजनगट, बहुधा तीन मिनिटांची लढत आणि प्रतिस्पर्धी निश्चल झाला नाही तर नुकसान, आक्रमकता व नियंत्रण यांवरून पंचांचा निर्णय, असा त्याचा साधारण साचा आहे.

सुरुवातीची यंत्रे एकमेकांसारखी दिसत नव्हती, कारण जिंकायचे कसे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते लवकरच ठाऊक झाले. १९९५ च्या स्पर्धेत 'ला मशीन' नावाचे एक यंत्र गाजले. त्याला हत्यार असे नव्हतेच. होती ती जमिनीलगत सरपटणारी धातूची पाचर. समोरच्याच्या खाली घुसायचे, त्याची चाके उचलायची आणि भिंतीकडे ढकलत न्यायचे. पाचर मारण्याचा अनुभव आपल्याला सार्वजनिक जीवनात पुरेसा आहे. ती स्वस्त असते, मोडत नाही आणि हमखास लागू पडते. गंमत अशी की ते यंत्र करणारे ग्रेग मन्सन आणि ट्रे रॉस्की हे चुलतभाऊच पुढे 'बॅटलबॉट्स' या सर्वांत गाजलेल्या स्पर्धेचे संस्थापक झाले.

त्याच वर्षी जेमी हाइनमन यांचे 'ब्लेंडो' आले. पालथ्या कढईसारखे कवच आणि ते कवचच वेगाने फिरणारे. त्याने प्रतिस्पर्ध्यांचे असे तुकडे उडवले की प्रेक्षकांच्या सुरक्षेसाठी त्याला स्पर्धेतून बाजूला करावे लागले. यंत्रयुद्धाची पुढची सगळी दिशा या कढईत होती. फिरत्या पात्यात साठणारी ऊर्जा त्याच्या गतीच्या वर्गाबरोबर वाढते. गती दुप्पट केली की ऊर्जा चौपट होते. शिवाय तेच वजन मध्यापासून जितके दूर ठेवाल, तितकी ती आणखी वाढते. वजनगट ठरलेला असल्यामुळे वजन वाढवता येत नाही, पण गती वाढवायला मज्जाव नाही. ब्रशलेस मोटारी आणि लिथियम पॉलिमर बॅटऱ्या स्वस्त होऊन घरपोच मिळू लागल्यावर शेवटचा अडसरही गेला. आज एखाद्या स्पर्धेतली यंत्रे ओळीने मांडली तर त्यांतली बरीचशी उभे पाते, आडवे पाते किंवा ड्रम यांच्या आवृत्त्या निघतात.

हा मुलांचा आळस आहे, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. हरणे महाग असेल आणि बक्षीस केवळ जिंकण्याला असेल, तर शहाणा माणूस ठरलेले उत्तरच विकत घेतो. पाय, नांग्या, शेपूट यांत जाणारा प्रत्येक ग्रॅम पात्यातून वजा होतो. म्हणजे नियम जाहीरपणे 'कल्पकतेचे स्वागत आहे' असे म्हणतात आणि हिशेबात तिला दंड करतात. संहितेतली ही विसंगती आधी दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.

उपाय आणि पळवाटा

संयोजकांना हा कंटाळा जाणवला नाही असे नाही. त्यांनी केलेल्या उपायांचा इतिहास नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

पहिला उपाय म्हणजे गुण. जुन्या ब्रिटिश मालिकेत पंच नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण यांबरोबर 'शैली'लाही गुण देत. पण शैलीचे वजन सर्वांत कमी होते आणि लढत पंचांपर्यंत गेली तरच त्याचा उपयोग. ज्या यंत्राचे विसाव्या सेकंदाला तुकडे झाले, त्याच्या शैलीला विचारतो कोण? २०१६ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा शैली हा निकषच उरला नव्हता.

दुसरा उपाय बंदीचा. निव्वळ पाचरीला कंटाळून नव्या काळातील मोठ्या स्पर्धांनी चालते हत्यार सक्तीचे केले. पाचर एकटी गेली, पण पात्याच्या मदतीला राहिली. बंदीने एक साचा मोडतो आणि उरलेला साचा अधिक घट्ट होतो, हे इथे दिसते.

तिसरा उपाय सवलतीचा. चाकांऐवजी पायांवर चालणाऱ्या यंत्राला 'बॅटलबॉट्स'ने जादा वजनाची मुभा दिली. हेतू उत्तम होता. चित्रपटांत यांत्रिक प्राणी घडवणारे मार्क सेट्राकियन यांचा 'मेकॅडॉन' हा अवाढव्य सहापायी प्राणी रिंगणात येई, तेव्हा प्रेक्षक स्पर्धा विसरून त्याची चालच पाहत. पण २००१ मध्ये 'सन ऑफ व्हायाची' या यंत्राने या सवलतीचा वेगळाच अर्थ लावला. पाय म्हणजे काय? एका फिरत्या दांड्यावर बसवलेल्या आणि आळीपाळीने जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या! यंत्र खुरडत चालले, जादा वजन मिळाले, ते सगळे हत्यारात गेले आणि यंत्र अवजड गटाचे विजेते झाले. त्यानंतर सवलतीची व्याख्या बदलावी लागली. मला यात त्या संघाचा दोष दिसत नाही. त्यांनी संहिता नीट वाचली होती, चूक लिहिणाऱ्यांची होती. 'पाय असावेत' असे लिहिले की पायासारखे काहीतरी मिळते. 'पायरी चढून दाखवावी' असे लिहिले असते, तर खरा पाय मिळाला असता.

चौथा उपाय रिंगणाचा. ब्रिटिश मालिकेत रिंगणातच खड्डा होता आणि कोपऱ्यांत 'सर किलालॉट', 'मटिल्डा' अशी यजमान यंत्रे दबा धरून असत. आपल्या तमाशातला सोंगाड्या किंवा दशावतारातला संकासुर जे काम करतो, तेच त्यांचे काम : बेत उधळणे, हशा पिकवणे, गोष्टीला वळण देणे. सपाट, रिकाम्या रिंगणात सर्वांत जोरकस पातेच जिंकणार. रिंगणात उतार, खड्डा, वाळू आली की उत्तरे अनेक होतात. चारही उपायांत हाच मला सर्वांत फलदायी वाटतो, कारण तो कल्पकतेची याचना करीत नाही, तिची गरज निर्माण करतो.

पुण्याची हंडी

याला महाराष्ट्राच्याच भूमीवरचा एक दाखला आहे. जपानमध्ये प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या अध्यापनप्रयोगांतून 'रोबोकॉन' ही स्पर्धा निघाली आणि एनएचके या तिथल्या प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये ती प्रेक्षकांपुढे आणली. तिच्याच धर्तीची आशिया-पॅसिफिक देशांची स्पर्धा २००२ पासून होते. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता 'गोविंदा'. दहीहंडीवर बेतलेला हा खेळ चिनी, जपानी, इजिप्शियन विद्यार्थ्यांनी आपापल्या यंत्रांनी खेळला आणि जिंकला तो चीनमधील शिआन जिआओतोंग विद्यापीठाचा संघ. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. त्या वेळी 'पालक' यंत्राने 'बालक' यंत्राला बागेत नेऊन सीसॉ आणि झोपाळ्यावर खेळवायचे होते.

रोबोकॉन ही लढाई नव्हे, हे मान्य. तिच्यातून घेण्यासारख्या गोष्टी मात्र दोन आहेत. एक, दरवर्षी विषय बदलतो. गेल्या वर्षीचे विजयी यंत्र यंदा निरुपयोगी ठरते, त्यामुळे नकलेला बाजारभावच राहत नाही. दुसरी याहून मोलाची. जपानमधील तंत्र महाविद्यालयांच्या रोबोकॉनमध्ये अंतिम सामना जिंकणे हा सर्वोच्च मान नाही. सर्वोच्च मान 'रोबोकॉन ताइशो' हे पारितोषिक. स्पर्धेचा आत्मा ज्या यंत्राच्या कल्पनेत आणि घडणीत सर्वाधिक प्रकटला, त्याला ते मिळते, मग ते हरलेले का असेना. म्हणजे मुठ्या तिथे हरला असता आणि तरी सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहिला असता. आपल्याकडेही 'उत्कृष्ट संरचना' वगैरे बक्षिसे असतात, पण ती समारंभाच्या सुरुवातीला, लोक खुर्च्या शोधत असताना उरकली जातात. बक्षिसाचा क्रम आणि रक्कम हीसुद्धा संहितेचीच वाक्ये आहेत, मुले ती अचूक वाचतात.

शक्ती, तुरा आणि जाणता प्रेक्षक

इथे पहिल्या सामन्याकडे परत येऊ. शक्ती-तुऱ्याची जाखडी हीही लढाईच. शक्तीवाले मायेचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. पायांत चाळ बांधून, गोलात फेर धरून नाचणारे गडी, ढोलकी, झांज आणि मध्ये शाहीर. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. एकाने पुराणातले कोडे घालायचे, दुसऱ्याने ते पद्यात सोडवून उलट टाकायचे. यात प्रतिस्पर्ध्याला पहिल्या घावात गप्प करणे ही उत्तम लढत मानली जात नाही. रात्र रंगली पाहिजे. समोरच्याची चाल पूर्ण ऐकून तिच्यावर चढ करणारा शाहीर खरा. जुन्या जाणत्यांना कोण जिंकले हे कधी कधी सांगता येत नाही, पण कोणत्या सवालाला काय जवाब आला हे चाळीस वर्षांनी आठवते.

मात्र याचे भाबडे गुणगान करण्यात अर्थ नाही, कारण साच्याचा रोग तिथेही शिरला आहे. सवालाची तयारी करण्यापेक्षा गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर द्व्यर्थी टोमणा बसवला की टाळी लगेच पडते. सिनेगीताची चाल हे शाहिराचे फिरते पाते आहे : हमखास, तयार मिळणारे आणि दोन्ही बाजूंकडे सारखेच. ज्या गावांत सवाल ओळखणारा प्रेक्षक उरला आहे, तिथे शाहीर आजही वेगळी तयारी करून येतो. जिथे तो नाही, तिथे पाते फिरते. म्हणजे नियमांइतकाच प्रेक्षकही घडवावा लागतो.

आणि नियमाने रंगत वाढवता येते हे तर आपण कबड्डीत पाहिलेच आहे. रायगडच्या मातीत कबड्डी नवी नाही. आघाडीवर असलेला संघ रिकाम्या चढाया करीत वेळ काढतो, हे दुखणेही जुनेच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो वा मरो' केली. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर एक जादा गुण ठेवला. खेळाडूंना 'रंजक खेळा' असे कोणी सांगितले नाही. वेळ काढणे महाग केले आणि दुबळ्या बाजूच्या धाडसाला मोल दिले. यंत्रांच्या रिंगणालाही हेच हवे आहे.

हे सगळे कशासाठी

एखादा विचारील, मुलांचा खेळ आहे, पाती फिरली काय आणि पाय चालले काय, काय बिघडते? महाड-पोलादपूरकडे बसून या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून एक लहान मुलगा जिवंत निघाला तेव्हा सगळे शहर रडले. २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुरात महाड बुडाले. त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि ८० हून अधिक माणसे गाडली गेली, तर पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर डोंगर उतरला. रस्ते तुटलेले, सर्वत्र चिखल, मदत पोचायला विलंब. अशा जागी चाक चालत नाही. लागतो तो पाय, सरपटणे, फटीतून शिरणे.

जपानने हा धडा १९९५ च्या कोबे भूकंपातून घेतला. रोबोंच्या फुटबॉलसाठी निघालेल्या 'रोबोकप'मध्ये २००१ पासून बचावाची स्पर्धा सुरू झाली. तिथले रिंगण म्हणजे मुद्दाम रचलेला ढिगारा, त्यात अडकलेल्या 'माणसांना' शोधायचे. २०१७ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात कार्नेगी मेलन विद्यापीठाचे सर्पाकार रोबो कोसळलेल्या इमारतीत उतरवले गेले. महाविद्यालयातला पत्र्याचा मुठ्या उद्या कोणाला वाचवील असा दावा मी करणार नाही. पण ज्या मुलाने आठ पायांचा तोल एकदा सांभाळला, त्याला चिखलात चालणे म्हणजे काय हे कळलेले असते. त्याला ड्रमकडे वळवले, तेव्हा आपण नेमके हे ज्ञान मोडीत काढले. महाडहून मुंबईच्या वाटेवर लोणेरे येथे १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, औद्योगिक वसाहत आहे, वेल्डिंग-लेथवर हात बसलेले कारागीर आहेत. कसबाची वाण नाही. वाण आहे ती कसबाला प्रश्न घालणाऱ्या नियमांची.

म्हणून नियम लिहिणाऱ्यांपुढे काही गोष्टी ठेवतो. पात्याच्या टोकाच्या वेगाला गटानुसार मर्यादा घालावी, त्याने सुरक्षितता वाढेल आणि पहिल्याच घावात लढत संपणार नाही. रिंगण दरवर्षी बदलावे. एका वर्षी उतार, दुसऱ्या वर्षी भाताच्या खाचरासारखा चिखल, तिसऱ्या वर्षी दगडगोटे, आणि बदल तीन-चार महिने आधी जाहीर व्हावा. पायांच्या यंत्रांना सवलत द्यायची तर ती रचनेला देऊ नये, करून दाखवलेल्या कामाला द्यावी. लढतीपूर्वी गणासारखी दोन मिनिटे असावीत, त्यांत संघाने यंत्र काय करते आणि त्यातले काय स्वतः घडवले हे मराठीत प्रेक्षकांना सांगावे. जाणता प्रेक्षक असाच तयार होतो. आणि सर्वांत मोठी रक्कम, सर्वांत शेवटी, सर्वांच्या देखत, कल्पनेच्या बक्षिसाला द्यावी.

लढाई जाईल का? मुळीच नाही. जिंकणाऱ्याला विजय मिळेलच, तो त्याने कमावलेला असेल. पण समारंभाच्या शेवटच्या क्षणी व्यासपीठावर तीन पाय तुटलेला मुठ्या उचलून आणलेला असेल आणि सभागृह पुन्हा एकदा उभे राहिलेले असेल, तर पुढच्या वर्षी पोलादपूरकडच्या त्या मुलांनी काय आणले असते?